ग्लायकॉलिक की सॅलिसिलिक-मँडेलिक? उन्हातान्हात काम करणाऱ्यांसाठी

मुरुमांचे काळे डाग घालवायला पील, म्हणजे आम्ल लावून वरची कातडी सोलून काढणं, करायचं ठरवलं, की त्वचारोगतज्ज्ञ बहुतेक वेळा ही दोन नावं पुढे ठेवतात. मी दोन्ही करून घेतली आहेत. देवगडच्या बाजूला आमची हापूसची कलमं आहेत, त्यामुळे वर्षातले सहा-सात महिने दिवस बागेत जातो. गालांवर कॉलेजपासूनचे मुरुमांचे डाग होतेच, त्यात आंब्याच्या चिकाची भर. देठ तुटला की चीक चिळकांडीसारखा उडतो. लागेल तिथे कातडी भाजते आणि खपली गेल्यावर काळा ठिपका मागे राहतो.

सुरुवात ग्लायकॉलिकने केली. हे आम्ल मूळ उसातलं. त्याचा रेणू त्याच्या जातीच्या आम्लांमध्ये सगळ्यात लहान, म्हणून ते झपाट्याने आत शिरतं. पहिल्याच वेळी ३५ टक्क्यांचं लावलं आणि डॉक्टरांची नजर सतत घड्याळावर होती. हे पील आपलं आपण थांबत नाही, वेळ झाली की सोड्याच्या पाण्याने ते मारावं लागतं. मिरची चिरलेला हात गालावर फिरावा तशी आग झाली, पण ती दहा मिनिटांत शमली. एक सांगून ठेवतो : त्या दिवशी सकाळी दाढी करून जाऊ नका, आदल्या दिवशीही टाळलेली बरी. ताज्या दाढीवर हे पील फार झोंबतं.

गुण लवकर दिसला. दुसऱ्या बैठकीनंतर चेहऱ्यावरचा राप उतरला, कातडी हाताला मऊ लागायला लागली. एवढ्यावर थांबलो असतो तर आज ग्लायकॉलिकच घ्या म्हणालो असतो.

पण मधे मार्च आला. आमच्याकडून पीलसाठी कोल्हापूर गाठायचं म्हणजे फोंडा घाट चढायचा आणि संध्याकाळच्या आत परत उतरायचा. परतीच्या एसटीत मी उजव्या खिडकीशी बसलो होतो. दुपार टळल्यावर त्या बाजूचं ऊन थेट गालावर येतं. सनस्क्रीन लावलं होतं, ते राधानगरी यायच्या आत घामाने निथळून कॉलरवर आलं. दुसऱ्या दिवसापासून आंबे काढायला बागेत. किनाऱ्यावरचा घाम वाळत नाही, चेहऱ्यावर तसाच बसून राहतो, आणि पीलनंतरच्या नाजूक कातडीवर तो मिठासारखा झोंबतो. चार दिवस मी दर अर्ध्या तासाने तोंडावर गार पाणी मारत होतो. आठवड्याने उजव्या गालाच्या हाडावर तपकिरी चट्टा उठला. ज्या डागासाठी गेलो त्याच जातीचा, फक्त मोठा. तो फिका व्हायला गणपती उजाडले.

डॉक्टरांनी कारण समजावलं. आपली सावळी-गव्हाळ कातडी दाह झाला की रंगद्रव्य जास्त तयार करते. पील जितकं झटक्यात आत जाईल तितका दाहाचा धोका, आणि वर ऊन मिळालं की डाग पक्का.

म्हणून त्या पावसाळ्यात सॅलिसिलिक-मँडेलिकवर आलो, २० टक्के सॅलिसिलिक आणि १० टक्के मँडेलिक. मँडेलिक कडू बदामातलं. त्याचा रेणूभार १५२, ग्लायकॉलिकचा ७६. दुप्पट जड असल्याने ते सावकाश आणि सारखं मुरतं. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून तेलकट रंध्रांत उतरतं. मुरुमं अजून येत असतील तर हा फरक मोठा आहे. लावल्यावर चेहऱ्यावर पांढरी भुकटी धरते, मिठागराच्या बांधावर धरते तशी. मी घाबरलो होतो, पण ते सॅलिसिलिकचे स्फटिक असतात, कातडी जळलेली नसते. पाण्याने पुसलं की झालं.

याचीही खोड आहे. तिसऱ्या दिवसापासून नाकाच्या बाजूने आणि हनुवटीवर कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटतात आणि दाढीच्या खुंटांत अडकून बसतात. ते ओढायचे नाहीत. घरात लग्नकार्य असेल तर त्या आठवड्यात करू नका. गुणही सावकाश येतो. माझे डाग चौथ्या बैठकीनंतर उठून दिसेनासे झाले. पण घाम झोंबला नाही आणि नवा चट्टा उठला नाही. माझ्यासाठी निवाडा तिथेच झाला.

माझ्या वहिनीचा अनुभव वेगळा आहे. ती बँकेत, दिवसभर सावलीत. बाळंतपणानंतर तिला वांग आले, आधी काही आठवडे रात्रीचं मलम लावून मग तिने ग्लायकॉलिक घेतलं आणि ती समाधानी आहे. वांग उन्हाने पुन्हा डोकं वर काढतात, हे मात्र तीही सांगते. तेव्हा घरात बसून काम असेल आणि मुरुमं नसतील, तर ग्लायकॉलिक वाईट म्हणवत नाही. बागेत, होडीवर किंवा मासळी बाजारात दिवस जात असेल, तर मी दुसऱ्याकडेच बोट दाखवीन.

अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा गरोदरपण असेल तर सॅलिसिलिक नको. मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, ओठांवर नागिणीसारखे फोड येत असतील, तर ते आधी सांगा. टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल) पीलची चौकशी मीही केली होती. ते खोल जातं, मुरुमांच्या खड्ड्यांवर ठिपक्या-ठिपक्याने लावतात, पण आपल्या कातडीवर आणि आपल्या उन्हात पूर्ण चेहऱ्याला मी तरी लावून घेणार नाही. ऑनलाइन बाटली मागवून घरी लावणं तर नकोच. आग वाढली की थांबवायला समोर जाणता माणूस हवा.

वेळ मृगानंतरची धरा. आंबा संपलेला असतो, ऊन उतरलेलं असतं. ढगांतूनही अतिनील किरण येतात, म्हणून सनस्क्रीन पावसातही लावायचं. बैठकांमध्ये दोन-तीन आठवडे अंतर लागतं, म्हणजे जूनच्या शेवटी सुरू केलं तर चार बैठका ऑक्टोबरची हीट लागायच्या आत होतात. आणि एसटीत डाव्या बाजूची जागा धरा.