विळा की काडी? माळ परत आणताना दोन वाटा

चोपड्याकडचे एक स्नेही आपला अकरा एकरांचा डोंगरउतार पुन्हा गवताखाली आणायच्या मागे आहेत. समतल चर खोदून झाले, चराईबंदीचे दोन पावसाळेही निघाले. आता त्यांना एवढंच ठरवायचं आहे की दरवर्षी गवत कापून न्यावं, की थंडीत ठरवून थोडा थोडा तुकडा जाळावा. मी या दोन्ही वाटांनी गेलो आहे. शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी माझी चौदा एकर पड जमीन आहे. २०१४ ते २०१९ तिथे फक्त विळा चालवला, २०२० पासून काडीही, म्हणजे ठरवून जाळणंही आलं. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे कागद नाही. रोज पायाखाली येणारी जमीन आणि ढोरांचं वागणं, एवढ्यावरच बोलतो आहे. तुमची माती वेगळी असेल तर निष्कर्षही थोडा वेगळा निघू शकतो.

चराईबंदीबद्दल इथे वाद नाही. ती नसेल तर विळाही नको आणि काडीही नको. आधी मोकाट ढोरं थांबवा, मग पुढचं वाचा.

विळ्याची बाजू आपल्या खान्देशात भक्कम आहे, कारण डोळ्यांनी बघता येईल असं उदाहरण जवळच आहे. धुळे तालुक्यातलं लामकानी ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. उघडाबोडका डोंगर, तिथे चराईबंदी, आणि काही वर्षांत कापून नेण्याइतकं गवत. साक्री तालुक्यातलं बारीपाडाही तसंच. तिथलं काम उभं करणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून कुऱ्हाडबंदी-चराईबंदीने तिथलं जंगल उभं राहिलं होतं. या गावांनी आग बाहेर ठेवली आणि ते बरोबरच केलं. झिजून खडक उघडा पडलेल्या जमिनीवर पहिली काही वर्षं मुळं धरण्यातच जातात. तिथे काडी म्हणजे घात.

शिवाय गवत कापलं की गंजी लागते, आणि गंजी म्हणजे पैसा. २०१८ मध्ये राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी जनावरं घरच्या पेंढ्यांवर निघाली आणि दोन शेजाऱ्यांनाही गवत देता आलं. त्या वर्षी कोणी मला जाळायचा सल्ला दिला असता तर मी त्याला बांधावरूनच परत पाठवलं असतं. आजही तेच म्हणेन: पावसाने दगा दिलेल्या वर्षी गवताची एक काडीही जाळू नये.

मग मन कशाने बदललं? एकाच त्रासाने, आणि तो जरा सविस्तर सांगावा लागेल.

गवत कापायची खरी वेळ दसरा ते दिवाळी. फुलोरा येऊन गेलेला, पान अजून हिरवट, कुसळ पुरतं वाळलेलं नाही. नेमकी तीच कापूस वेचणीची वेळ. खान्देशात त्या महिन्यात बायामाणसं मिळवणं म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. वेचणीला किलोवर पैसे मिळतात आणि सपाट वावरात काम असतं. मग दगडगोट्यांच्या उतारावर, कुसळं टोचून घेत गवत कापायला कोण येणार? माझा सालदार आणि मी, दोघांनी मिळून सहा वर्षांत एकदाही चौदा एकर पूर्ण कापले नाहीत. वाटेजवळचं कापून व्हायचं. घळीतलं, खडकांमधलं, चढावरचं राहून जायचं. मार्गशीर्ष उजाडेपर्यंत ते वाळून काडी होई, मग ते कोणालाच नको असे.

पहिल्या वर्षी त्याचं काही वाटलं नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत मात्र त्या जागांवर गेल्या वर्षीचं आणि त्याच्याही आधीचं गवत राखाडी होऊन एकावर एक आडवं पडलं. वरून बघावं तर गवतच गवत, पण खाली हात घातला की जमिनीशी ऊन पोचत नव्हतं. मारवेल गवताचे फुटवे बारीक, पिवळे पडलेले. पवन्या गवताचे जुने ठोंब मधोमध पोकळ. पावसाळ्यात नवं पान या जुन्या काड्यांमधून वाट काढत वर यायचं आणि ढोरांच्या नाकात आधी जुनी काडी जायची. भाद्रपदात एके दिवशी गुराखी म्हणाला, "भाऊ, ढोरे आठे तोंडच लावतस नही." मी स्वतः उभा राहून पाहिलं. गाई त्या तुकड्याच्या कडेला येत, हुंगत आणि वळून कापलेल्या पट्ट्यात जात. तिथे त्यांनी गवत मुळापर्यंत कुरतडलेलं होतं. म्हणजे कापलेला निम्मा माळ जास्त चरून झिजत होता आणि न कापलेला निम्मा स्वतःच्याच ओझ्याखाली गुदमरत होता. वर हा गुदमरलेला माळ मार्चमध्ये पेटण्यासाठी भरून ठेवलेलं कोठार. २०१९ च्या उन्हाळ्यात मोहाच्या झाडाखालची कोणीतरी लावलेली आग वर चढली आणि आठ एकर एका दुपारी गेले. ती आग मी विसरलेलो नाही. आमची अंजनाची रोपटी, काही छातीइतकी झालेली, त्यात गेली.

विळा माळावर पूर्ण फिरला तर त्याच्यासारखं साधन नाही. माझ्याकडे तो कधीच पूर्ण फिरला नाही. तुमच्या घरात माणूसबळ असेल, किंवा गावाने मिळून कापायची रीत असेल, तर माझा हा सगळा त्रास तुम्हाला लागू पडणार नाही.

आता काडी. वणवा आणि ठरवून केलेली जाळणी यांना एका शब्दात बसवलं की पुढची सगळी चर्चा बिघडते. चैत्रातला वणवा जमीन भाजतो, खोडाची साल फोडतो, शेंडा घेतो. संक्रांतीच्या आसपासची संध्याकाळची आग गुडघ्याखाली राहते, दगडाशी अडते, ओलसर घळीत विझते आणि मागे ठिपक्याठिपक्यांचा माळ ठेवते. बहुवर्षायू गवताचा कोंब जमिनीलगत किंवा तिच्याखाली असतो, त्यामुळे वरचं जळालं तरी ठोंब जिवंत राहतो. कुसळी गवताचं बी तर त्याहून तयारीचं. त्याची शेपटी ओलाव्याने पीळ सोडते, सुकली की पीळ घेते, आणि असं करत करत बी स्वतःला मातीत गाडून घेतं. आग वरून निघून जाते. कित्येक पावसाळे आणि कित्येक आगी पाहिलेल्या गवताचंच हे शहाणपण.

जगात याची उदाहरणं पुष्कळ आहेत, दोन-तीनच सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला अर्नहेम लँडमध्ये तिथले आदिवासी कोरड्या हंगामाच्या सुरुवातीलाच छोट्या आगी लावतात, म्हणजे उशिराच्या मोठ्या आगीला खायला काही उरत नाही. २००६ पासून तिथे ही जुनी रीत मोठ्या प्रकल्पाच्या रूपात चालते आहे. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर उद्यानात १९५४ पासून ठरावीक तुकडे ठरावीक वर्षांनी जाळून बघत आहेत. आपल्या देशात काझीरंग्याचं गवत व्यवस्थापन म्हणूनच जाळलं जातं. कर्नाटकातल्या बिळीगिरीरंगन डोंगरातले सोलिगा आदिवासी सांगतात की त्यांची पालापाचोळ्याची हलकी आग बंद झाली आणि घाणेरी (लँटाना) माजली. यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. घाणेरीच आगीला खतपाणी घालते आणि आग घाणेरीला, असंही मांडलं गेलं आहे. माझा अनुभव या दोहोंच्या मधला. आगीने घाणेरी मरत नाही, खोडातून पुन्हा फुटते. आधी जमिनीखाली तीन ते पाच सेंटीमीटरवर तिचं मुख्य मूळ तोडून झुडूप उलटं टाकायचं, आणि त्यानंतरच्या थंडीत हलकी आग. या क्रमाने माझ्याकडे ती मागे हटली. क्रम उलटा केला असता तर काय झालं असतं ते शेजारच्या बांधावर दिसतं.

इथे एक आडवळण घेतो. शहाद्याजवळ १९९७ साली रानपिंगळा पुन्हा दिसला. त्याआधी तो १८८४ नंतर कोणाला खात्रीने सापडला नव्हता आणि नामशेष झाला असं धरून चालले होते. हा पक्षी सागाच्या उघड्या रानातला. फांदीवर बसून खालच्या सरडे-उंदरांवर नजर ठेवणारा, म्हणजे ज्याला जमीन दिसावी लागते असा. आपलं रान मुळात असंच विरळ आहे: वर साग, सालई, अंजन, पळस, आणि खाली गवत. ते दाट करणं म्हणजे ते सुधारणं, हे मला पटत नाही. माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्पाची झाडं लावण्याची वाट मी तुलनेत घेतलीच नाही, त्याचं कारणही हेच.

जाळायची रीत थोडक्यात. दरवर्षी माळाचा तिसरा भाग, त्याहून जास्त नाही. एकच तुकडा तीन वर्षांत एकदाच. भोवती बारा फुटांची जाळरेषा विळ्याने कापून, झाडून साफ. म्हणजे विळा सुटत नाहीच, जाळायच्या तुकड्यापुरतं त्याचं काम फक्त कडेच्या पट्ट्यावर येतं, आणि तेवढं दोन माणसं वेचणी उरकल्यावर निवांत करतात. पेटवायचं वरच्या कडेने, वाऱ्याच्या विरुद्ध, दुपार कलल्यावर, म्हणजे आग उतारावरून हळू खाली येते आणि रात्रीचं दव उरलेलं काम करतं. आधी चिमूटभर माती उधळून वारा बघायचा. शंका आली तर त्या दिवशी घरी जायचं. मी दोनदा असाच परत आलो आहे. सहा माणसं, कडुनिंबाचे ओले डहाळे, आणि कपाशीच्या फवारणीचे पाठीवरचे पंप पाण्याने भरून. अंजनाच्या प्रत्येक रोपाभोवती हातभर गवत आधी खुरपून घ्यायचं. यात आळस केला तर रोप गेलं समजा.

काडीचे तोटेही आहेत. जळालेल्या तिसऱ्या भागाची गंजी त्या वर्षी लागत नाही. गवतातला नत्र धुरातून जातो, राखेने मिळतं ते थोडे दिवसांचं. उघड्या पडलेल्या जमिनीवर जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला की मुरूम वाहतो, म्हणून तीव्र उतारावर मी जाळतच नाही, तिथे अजून विळाच. दरवर्षी तोच तुकडा जाळणाऱ्यांच्या माळावर शेवटी कुसळीच उरते. मग ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्यांच्या लोकरीत ती अडकते आणि ते तुमच्या वाटेने येणं सोडतात.

कायद्याची बाब सगळ्यांत महत्त्वाची. हे सगळं मालकीच्या जमिनीबद्दल आहे. राखीव वनात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. सामूहिक वनहक्काची जमीन असेल तर ग्रामसभेने व्यवस्थापन आराखड्यात विषय मांडून वनखात्याबरोबर बसावं, परस्पर काडी ओढू नये. आणि शेत वनहद्दीला लागून असेल तर बीटगार्डला, म्हणजे वनरक्षकाला, आधी सांगायचंच. डेहराडूनच्या वन सर्वेक्षण संस्थेचे आगीचे इशारे उपग्रहावरून येतात. पहिल्या वर्षी मी तोंडी कळवलं होतं, तरी संध्याकाळी फोन आला. दुसऱ्या वर्षापासून लेखी अर्ज देतो, तारखेसह. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम, त्याच्या बऱ्याच आधी माझं काम संपलेलं असतं.

तर स्नेह्यांना काय सांगितलं? त्यांच्याकडे घरची पाच माणसं आहेत आणि कापूस फक्त चार एकर. त्यांना विळा जमेल असं मला मनापासून वाटतं, आणि चर नुकतेच खोदलेले असल्याने अजून दोन पावसाळे तरी त्यांनी आगीचं नाव काढू नये. तोवर एकच गोष्ट बघावी: भाद्रपदात माळावर जाऊन ढोरं कुठे तोंड लावतात आणि कुठून वळतात. वळतात त्या जागी गवत बाजूला सारून खाली हात घालावा. जुनी काडी बोटभर जाड लागली आणि मारवेल पिवळी दिसली, तर पौषात रस्त्याच्या बाजूचा एक एकर निवडावा आणि त्या दिवशी मला बोलवावं. पंप आणि माणसं घेऊन मी येईन.

आणि जाळलेल्या तुकड्यात पोळ्यापर्यंत ढोरं सोडायची नाहीत. फेब्रुवारीत दवावर हिरवी कोवळी पाती फुटते आणि ढोरं कुंपणाशी येऊन हंबरतात. तेव्हा मन घट्ट करावं लागतं, कारण ती पाती खाल्ली गेली की ठोंबाची ताकद जाते आणि आपली सगळी मेहनत वाया. आमच्याकडे पोळ्याच्या सकाळी, अंघोळ घालायच्या आधी, बैलजोडी पहिल्यांदा त्या तुकड्यात नेतात. या वर्षी घळीजवळचा तुकडा होता, जिथून गाई सहा वर्षं वळून जात होत्या. बैलांनी मान खाली घातली ती सालदाराने दोर ओढेपर्यंत वर केली नाही.