वस्तीत इनडोअर स्टेडियम हवं की क्रीडागृह?

सार्वजनिक पैशातून वस्तीत खेळांसाठी इमारत उभी राहणार म्हटलं की समोर साधारण दोन आराखडे येतात. पहिला, पाच-सात हजार खुर्च्यांचं बहुउद्देशीय इनडोअर स्टेडियम: सामने, मैफली, प्रदर्शनं, मेळावे, सगळं एकाच छताखाली. दुसरा, तीन-चार कोर्टांचं बंदिस्त क्रीडागृह आणि भिंतीकडे सरकवता येणारी काहीशे आसनं. बैठकीत पहिल्याचं रंगीत चित्र पडद्यावर आलं की लोक खूश होतात. माझं मत मात्र बहुतेक वस्त्यांसाठी दुसऱ्याच्या बाजूनं आहे. त्याची कारणं नीट सांगायला हवीत, कारण एकदा पाया भरला की निर्णय मागे घेता येत नाही.

आधी मापं बघा

हँडबॉलचं मैदान ४० बाय २० मीटरचं. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५, व्हॉलीबॉलचं १८ बाय ९ आणि भोवती किमान ३ मीटर मोकळी जागा, बॅडमिंटनचं १३.४ बाय ६.१. जर्मनीत शाळा आणि क्लब मिळून वापरतात त्या 'तिहेरी' क्रीडागृहाचं प्रमाणित माप ४५ बाय २७ मीटर आणि उंची ७ मीटर असतं. छतातून दोन पडदे खाली सोडले की २७ बाय १५ मीटरचे तीन भाग होतात. व्हॉलीबॉलचं कोर्ट मोकळ्या जागेसकट २४ बाय १५ होतं, म्हणजे एका भागात ते नेमकं बसतं. एकीकडे शाळेचा तास, मध्ये व्हॉलीबॉलचा सराव, पलीकडे ज्येष्ठांचा व्यायाम, एकाच वेळी. पडदे वर गेले की हँडबॉलचा पूर्ण सामना.

आता स्टेडियमचा आराखडा याच्याशेजारी ठेवा. बऱ्याचदा खेळायचा फ्लोअर जवळपास तेवढाच निघतो. जागा, लोखंड आणि खर्च वाढतो तो खुर्च्या, जिने, मार्गिका आणि बाहेर पडायच्या दारांपायी. हजारो माणसांची बसायची सोय झाली, खेळणाऱ्याला एकही कोर्ट जास्त मिळालं नाही. आराखडा हातात आला की आधी आसनसंख्या वाचू नका, फ्लोअरचं क्षेत्रफळ वाचा.

उंचीच्या बाबतीत मात्र स्टेडियम सरस ठरतं, हे मान्य करायलाच हवं. व्हॉलीबॉलच्या नियमांत ७ मीटर ही किमान मोकळी उंची आहे, पण तेवढ्या उंचीवर बॅडमिंटनचा उंच टोला तुळईला लागायची भीती असते. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना १२ मीटर लागतात. वस्तीत चांगले बॅडमिंटनपटू तयार होत असतील तर क्रीडागृहाची उंची ९ मीटरपर्यंत न्यायचा आग्रह धरा. त्याचबरोबर दिवे कोर्टाच्या थेट वर नकोत, दोन्ही बाजूंना हवेत. शटलकडे मान वर करून बघणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत झोत गेला तर उत्तम फ्लोअरचाही उपयोग नाही.

'बहुउद्देशीय' म्हणजे काय होतं

खेळासाठीचा लाकडी फ्लोअर नुसती फरशी नसतो. पृष्ठभागाखाली लवचीक थर असतो, तो उडीचा धक्का शोषतो आणि गुडघे-घोटे वाचवतो. अशा फ्लोअरवर मैफल ठेवायची तर तो आधी संरक्षक आच्छादनानं झाकावा लागतो. त्यावर मंच उभा राहतो, खुर्च्यांच्या रांगा लागतात, कार्यक्रमानंतर सगळं उतरवून साफसफाई होते. पाणी सांडून लाकडात मुरलं तर फळ्या फुगतात आणि सांधे वर येतात. एका संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी सरावाच्या दोन-तीन संध्याकाळी सहज जातात. क्रीडागृहातही कार्यक्रम होऊ शकतात, पण तिथं त्यांच्या उत्पन्नावर इमारतीचा डोलारा उभा नसतो. त्यामुळे 'आज मैफल आहे, आज नाही म्हणता येत नाही' अशी वेळ तुलनेनं कमी येते.

मधला मार्गही आहे. लंडनमधलं कॉपर बॉक्स २०१२च्या ऑलिंपिकमध्ये हँडबॉलसाठी बांधलं गेलं, ते हजारो प्रेक्षकांचं. पण त्याची बरीच आसनं मागे सरकतात आणि फ्लोअर मोठा होतो. छतातल्या ८८ नळ्यांतून दिवसाचा उजेड आत येतो, त्यामुळे दिव्यांचा खर्च वाचतो. ऑलिंपिकनंतर ते आसपासच्या लोकांना सराव आणि व्यायामासाठी खुलं झालं. स्टेडियमचा निर्णय झालाच असेल तर सरकती आसनं आणि नैसर्गिक उजेड या दोन गोष्टींसाठी भांडा.

पैसा

स्टेडियमच्या बाजूनं हमखास येणारा मुद्दा म्हणजे परिसराची भरभराट. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बॅलिस्ट या अर्थतज्ज्ञांनी १९९७मध्ये अमेरिकेतल्या स्टेडियमांच्या अभ्यासातून दाखवलं की स्थानिक अर्थव्यवस्थेला मिळणारा लाभ नगण्य असतो. कारण समजायला सोपं आहे: कुटुंबाचं करमणुकीचं बजेट तेवढंच राहतं, तिकिटावर गेलेला पैसा दुसऱ्या कुठल्या तरी गल्ल्यातून कमी होतो. आकार अवाच्या सवा झाला तर काय होतं, हे माँट्रियलनं सोसलं. १९७६च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमचं कर्ज २००६मध्ये फिटलं.

चालवायचा खर्चही विचारा. दहा मुलं खेळत असली तरी मोठ्या स्टेडियममध्ये प्रचंड हवा गार किंवा गरम करावी लागते. क्रीडागृहात एका भागाचे दिवे लावून भागतं. गर्दी आणि पार्किंगचा त्रास तर उघडच आहे.

स्टेडियम कधी योग्य?

शहरात एकही मोठं बंदिस्त प्रेक्षागार नसेल, रेल्वे किंवा मेट्रोचं स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर असेल, आणि वर्षभराचे सामने देणारा संघ लेखी करार करायला तयार असेल, तर स्टेडियम घ्या. तिन्ही गोष्टी हव्यात. 'संघ येईल' या आशेवर बांधू नका.

आणि कुठलाही आराखडा निवडला तरी संध्याकाळचे तास कोणाचे, हे निविदेआधीच करारात लिहून घ्या. दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये २०२२मध्ये खेळाडू आणि प्रशिक्षकांनी तक्रार केली होती की एका सनदी अधिकाऱ्याला कुत्रा फिरवता यावा म्हणून सराव लवकर आटोपायला लावतात. बातमी छापून आल्यावर दिल्ली सरकारनं आपली क्रीडासंकुलं रात्री दहापर्यंत खुली ठेवायचा आदेश काढला. तुमच्या करारात संध्याकाळी पाच ते नऊ ही वेळ स्थानिक खेळाडूंची, ती बदलायची तर किती दिवस आधी कळवायचं आणि बदली वेळ कुठली द्यायची, एवढं तरी स्पष्ट असू द्या.