मुंबई ते न्यूयॉर्क नॉनस्टॉप, आईला घेऊन इकॉनॉमीत

जूनमध्ये आईला घेऊन भावाकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला जाऊन आले, मुंबई ते जेएफके (न्यूयॉर्कचा विमानतळ) थेट. आमचा ट्रॅव्हल एजंट म्हणाला, ताई, चौदा तास फक्त, झोपून उठलात की न्यूयॉर्क. मीपण नेटवर अंतर टाकून बघितलं तर साडेबारा हजार किमी, ९०० च्या स्पीडने भागलं तर खरंच चौदा येतात, म्हटलं होऊन जाईल. झाले पावणेसोळा!

आता कळतंय की साइटवरचा आकडा म्हणजे पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून धरला तर जेवढं भरेल तेवढं, आणि तो दोरा जातो पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, आइसलँड करत ग्रीनलंडचं खालचं टोक घासून. (शाळेतल्या नकाशावर पट्टी ठेवून अरबस्तान, आफ्रिकेवरून सरळ रेघ मारली ना तर ती वाट उलट १४,२०० किमी भरते, मला हे चाळिशीत समजलं.) पण विमान काही दोऱ्यावरून जात नाही, एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हद्द भारतीय विमानांना बंद आहे, तिकडे कुठे युद्ध चालू, मग वळसे, आणि अमेरिकेकडे जाताना वारा समोरून. येताना तोच वारा पाठीशी, दीडेक तास लवकर आलो.

आईला खिडकी दिली ही माझी चूक. बाहेर अंधार, शटर खाली, आणि दर वेळी उठताना दोघांना उठवायचं म्हणून ती पाणीच पिईना, पाय सुजले. त्यात समोरच्या स्क्रीनवर नकाशा लावून बसलेली, दशमी-चटणी खाऊन झाली, एक डुलकी झाली, तरी "अगं अजून तुर्कस्तानच?" शेवटी मीच बंद केला.

दुबईवरून गेलो असतो तर अंतर जेमतेम चारशे किमी जास्त पडलं असतं, म्हणजे किलोमीटर वाचतात म्हणून नॉनस्टॉप घेऊ नका, त्यात काही दम नाही. वाचतो तो मधला थांबा, अर्धवट झोपेत टर्मिनल बदलणं, परत सिक्युरिटी, परत चपला काढा. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे द्यायला माझी ना नाही, एकटी असते तर दिले नसते. रात्री दीडला निघून त्याच तारखेला सकाळी पावणेआठला पोचतो, आईला हे अजून पटलेलं नाही.

आइल सीट (वाटेकडची) घ्या, घट्ट मोजे घाला, व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगून ठेवा. पाचपैकी चार, त्यातला अर्धा जेएफकेच्या व्हीलचेअरवाल्या दादाचा, आईची पिशवी स्वतःची असल्यासारखी जपत थेट भावाच्या हातात दिली त्याने.