बेसबॉलचा पहिला पूर्ण सामना कोणता बघावा: १९७५, १९८६, १९९१ की २०११?

क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला बेसबॉलची गोडी विक्रमांच्या यादीने लागत नाही, आणि दोन मिनिटांच्या क्लिपनेही नाही. क्लिपमधला होम रन हा नुसता षटकार दिसतो. त्याआधीचे तीन तास त्यात नसतात. त्यामुळे एक जुना सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघणं भाग आहे. वर्ल्ड सिरीज म्हणजे अमेरिकी बेसबॉलची वार्षिक अंतिम मालिका; तिच्यातले चार सामने या कामासाठी सगळ्यांत योग्य आहेत. चौघांचे निकाल इथे उघड सांगितले आहेत. निकाल माहीत असूनही हे सामने धरून ठेवतात, म्हणूनच तर त्यांची निवड.

आधी एकच गोष्ट मनात पक्की करा. वनडेत षटकं संपली की सामना संपतो, त्यामुळे आघाडीवरचा संघ चेंडू संपण्याची वाट बघू शकतो. बेसबॉलमध्ये ती सोय नाही. नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांना तीन-तीन आउट, आणि शेवटचा आउट मिळेपर्यंत समोरचा संघ कितीही धावा काढू शकतो. बॅटर तीन बेस (थांबे) गाठून होम प्लेटला, म्हणजे जिथून सुरुवात केली तिथे, परतला की एक धाव. आवश्यक धावगती नावाचा प्रकारच नाही. पाहुणा संघ आधी खेळतो, यजमान नंतर. बरोबरी झाली तर जादा इनिंग. सिरीज सात सामन्यांची, चार आधी जिंकेल तो विजेता. चारही सामन्यांचा थरार या एका नियमातून येतो, पण प्रत्येक सामना तो वेगळ्या बाजूने दाखवतो.

आमचा कौल २०११ च्या सहाव्या सामन्याला आहे. २७ ऑक्टोबर, सेंट लुइस, कार्डिनल्स विरुद्ध टेक्सस रेंजर्स. टेक्सस ३-२ ने पुढे, म्हणजे हा जिंकला की सिरीज खिशात. नवख्याला पहिला फायदा पडद्यावरच होतो: धावसंख्या, आउट, बॉल-स्ट्राइक, कोणत्या बेसवर कोण, हे सगळं सतत दिसत राहतं. (स्ट्राइक म्हणजे बॅटरने वाया घालवलेला चांगला चेंडू, तिसऱ्याला आउट; बॉल म्हणजे त्याने सोडलेला भरकटलेला चेंडू, चौथ्याला फुकट पहिला बेस, त्याला वॉक म्हणतात.) आधीच्या तिन्ही सामन्यांच्या प्रक्षेपणात ही पट्टी नाही, आणि नवा प्रेक्षक तिथेच हरवतो.

दुसरा फायदा खेळाचा. नवव्या इनिंगमध्ये टेक्सस ७-५ ने पुढे, दोन आउट, दोघे बेसवर, कार्डिनल्सच्या डेव्हिड फ्रीझवर दोन स्ट्राइक. तिसरा स्ट्राइक झाला की सगळं संपलं. टेक्ससचा पिचर (चेंडू फेकणारा) नेफ्ताली फेलिझ याचा चेंडू फ्रीझने उजवीकडे खोल मारला, नेल्सन क्रूझच्या डोक्यावरून तो भिंतीपाशी गेला आणि दोन धावा झाल्या: ७-७. अशा वेळी आउटफिल्डर, म्हणजे सीमेकडचे क्षेत्ररक्षक, मुद्दाम मागे सरकून उभे राहतात. एकेरी मार गेला तरी चालतो, पण चेंडू डोक्यावरून जाता कामा नये. क्रूझ पुरेसा मागे नव्हता. तो चेंडू दोनदा बघा, एकदा बॅटकडे आणि एकदा क्रूझच्या पायांकडे.

दहाव्यात जॉश हॅमिल्टनच्या होम रनमुळे टेक्सस ९-७. पुन्हा दोन आउट, पुन्हा दोन स्ट्राइक, आणि लान्स बर्कमनच्या एकेरी मारावर ९-९. अकराव्यात फ्रीझचाच होम रन, १०-९. एका सामन्यात दोनदा एका स्ट्राइकवर आलेलं विजेतेपद टेक्ससच्या हातून निसटलं, आणि सातवा सामना कार्डिनल्सने ६-२ ने जिंकला.

दहाव्या इनिंगमधली एक चाल सुटू देऊ नका. राखीव बॅटर संपले म्हणून कार्डिनल्सने काइल लोस या पिचरला बॅट घेऊन पाठवलं. त्याने बंट करून, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून चेंडू हळू सोडून, दोन्ही धावपटूंना एकेक बेस पुढे ढकललं. ती बरोबरी त्या बंटवर उभी आहे. एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नाही, हा नियम किती जाचक ठरतो ते इथे कळतं.

या सामन्याची खोट म्हणजे ढिसाळपणा. दोन्ही संघांच्या मिळून पाच चुका नोंदल्या आहेत आणि सोपे झेलही सुटतात. पहिल्या सहा इनिंग लांबतात. एकूण वेळ साडेचार तासांच्या घरात जातो. एका बैठकीत जमणार नसेल तर सातव्या इनिंगआधी थांबा आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी सलग बघा. नवव्याच्या मधे मात्र थांबू नका.

दर्जाच्या दृष्टीने १९९१ चा सातवा सामना सगळ्यांत वरचा आहे, आणि तरीही पहिला म्हणून तो घेऊ नये. मिनेसोटा ट्विन्स १, अटलांटा ब्रेव्ज ०, दहा इनिंग. ३६ वर्षांच्या जॅक मॉरिसने तीनच दिवसांच्या विश्रांतीवर येऊन दहाच्या दहा इनिंग एकट्याने टाकल्या, १२६ चेंडू. समोर २४ वर्षांचा जॉन स्मोल्झ. स्मोल्झ मिशिगनमध्ये, डेट्रॉइटकडून खेळणाऱ्या याच मॉरिसला बघत वाढलेला. दोन्ही संघ आदल्या वर्षी आपापल्या गटात तळाला होते.

अडचण अशी की धावफलकावर तासन् तास शून्यच राहतं. पिचर कोणता चेंडू कुठे टाकतो हे दिसू लागलं नसेल, तर सामना संथ वाटेल. ज्याला कसोटीतलं उपाहारापूर्वीचं सत्र, एकही बळी न पडता, आवडीने बघता येतं, त्याने मात्र इथूनच सुरुवात करायला हरकत नाही.

आठवी इनिंग या सामन्याचा गाभा आहे. अटलांटाचा लॉनी स्मिथ पहिल्या बेसवर. टेरी पेंडल्टनने भिंतीपर्यंत चेंडू मारला, त्यावर स्मिथने सहज धाव पूर्ण करायला हवी होती. पण मिनेसोटाच्या चक नॉब्लॉक आणि ग्रेग गॅग्नी यांनी जमिनीवरचा चेंडू उचलून डबल प्ले (एकाच चेंडूवर दोन आउट) करत असल्याचा आव आणला. चेंडू कुठे आहे हे स्मिथला कळेना, तो दुसऱ्या बेसपाशी थबकला आणि तिसऱ्यावरच अडकला. तरीही दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर माणसं आणि एकही आउट नाही, अशी स्थिती होती. मॉरिसने रॉन गँटला कमजोर फटक्यावर बाद केलं, डेव्हिड जस्टिसला मुद्दाम वॉक दिला, आणि सिड ब्रीमच्या फटक्यावर चेंडू पहिल्या बेसवरून होम प्लेटला आणि परत पहिल्या बेसला गेला. दोन आउट, धाव शून्य. लोक फक्त स्मिथला दोष देतात. त्यानंतरही एक साधा उंच फटका पुरला असता, कारण झेल घेतल्यावरही तिसऱ्या बेसवरचा धावपटू घरी पळू शकतो, हे ते विसरतात. शेवट दहाव्यात, जीन लार्किनच्या एकेरी मारावर डॅन ग्लॅडन घरी.

१९७५ चा सहावा सामना या दोघांच्या मधला. २१ ऑक्टोबरला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर सिनसिनाटी रेड्सविरुद्ध बॉस्टन रेड सॉक्स. पावसामुळे तो तीन दिवस लांबला होता. हरले तर बॉस्टनचा खेळ संपणार. आठव्यात ३-६ ने मागे असताना बर्नी कार्बोच्या तीन धावांच्या होम रनने बरोबरी झाली. अकराव्यात ड्वाइट इव्हान्सने उजव्या कोपऱ्याकडे धावत जो मॉर्गनचा चेंडू झेलला, तो झेल या चारही सामन्यांतलं सर्वोत्तम क्षेत्ररक्षण आहे. बाराव्यात बॉस्टनच्या कार्लटन फिस्कने मारलेला चेंडू डावीकडच्या फाउल खांबावर (हद्दरेषेवरचा खांब, त्याला लागलेला चेंडू आतच धरतात) आदळला, ७-६. चेंडू आत राहावा म्हणून हात हलवत उड्या मारणारा फिस्क सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण नवव्यात बॉस्टनकडे तिन्ही बेस भरलेले आणि एकही आउट नाही, तरी धाव झाली नाही, हे त्या क्लिपमध्ये नसतं. झेल झाल्यावर प्रशिक्षक ‘नो, नो’ म्हणत होता, तिसऱ्या बेसवरच्या डेनी डॉइलला ‘गो, गो’ ऐकू आलं आणि तो होम प्लेटवर बाद झाला. सातवा सामना मात्र रेड्सने ४-३ ने जिंकला. ज्याला पूर्ण सुखान्त हवा आहे, त्याने हे आधीच जाणून घ्यावं.

१९८६ चा सहावा सामना, बॉस्टन रेड सॉक्स विरुद्ध न्यूयॉर्क मेट्स, पूर्ण बघायची गरज नाही. आठव्या इनिंगपासून पुरे. मात्र एका माणसावरचा अन्याय समजून घेण्यासाठी तो बघाच. दहाव्यात बॉस्टन ५-३ ने पुढे, मेट्सचे दोन आउट, बेसवर कुणी नाही. मग लागोपाठ तीन एकेरी मार, ५-४. बॉब स्टॅन्लीचा भरकटलेला चेंडू कॅचरला (बॅटरमागच्या, यष्टिरक्षकासारख्या खेळाडूला) अडवता आला नाही आणि ५-५. त्याच्यानंतर मुकी विल्सनचा घरंगळता चेंडू बॉस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून गेला आणि मेट्स ६-५ ने जिंकले. बकनरने तो अडवला असता तरी बरोबरी आधीच झालेली होती. सामना पुढे चालू राहिला असता. शिवाय पुढे सातवा सामना होताच, आणि त्यातही बॉस्टन ८-५ ने हरलं. २,७१५ हिट (बेस मिळवून देणारे फटके) मारणाऱ्या खेळाडूची ओळख एका चेंडूवर बांधली गेली, हे चूकच.

जुने तीन सामने बघताना जवळ कागद ठेवा. तीन रकाने पुरतात: आउट किती, बेसवर कोण, बॉल-स्ट्राइक किती. प्रत्येक बॅटरनंतर पहिले दोन रकाने बदला, प्रत्येक चेंडूनंतर तिसरा. समालोचक आकडा सांगतो, पण गर्दीच्या आवाजात तो निसटतो. मिनेसोटाच्या बंद छताच्या मेट्रोडोममध्ये तर फारच. क्रम असा धरा: २०११ पूर्ण, मग १९८६ आठव्या इनिंगपासून, मग १९७५ पूर्ण. त्यानंतर एखाद्या रविवारी सकाळी, घाई नसताना, १९९१.