विलो म्हणून उंदीरमारी विकली

शहापूर तालुक्यात आमची अडीच एकर जमीन आहे, सासऱ्यांनी घेतलेली. मी मुलुंडला राहते. महिन्यातून दोनदा ठाण्याहून कसारा लोकल धरायची, आसनगावला उतरायचं आणि पुढे शेअर रिक्षा, असा माझा कित्येक वर्षांचा क्रम आहे. पूर्वी तिथे करवंदीच्या जाळ्या इतक्या दाट होत्या की बांधावरून चालताना अगदी पायाजवळून ससा उठायचा. पहाटे तित्तर ओरडायचे. मग आजूबाजूला प्लॉट पडले, जेसीबी फिरले, तारेची कुंपणं आली, आणि दरवर्षी होळीनंतर कुठून तरी वणवा यायला लागला. आमच्या जाळ्या दोनदा जळाल्या. मला तिथे बंगला बांधायचा नाही. सशांना, तित्तरांना, मुंगसांना दडायला जागा परत मिळावी एवढंच मनात होतं आणि ते मी भेटेल त्याला सांगत असे. फसवणारा नेमका त्याच गोष्टीला धरून आत शिरला, म्हणून आधी हे सांगितलं.

गेल्या वर्षी मे महिन्यात दादरला एका हॉलमध्ये झाडांचं प्रदर्शन होतं. तिथल्या एका स्टॉलवर विलो आणि पॉप्लर या थंड प्रदेशातल्या झाडांच्या काड्या पाण्यात उभ्या करून ठेवल्या होत्या. तिशीतला मुलगा, स्वच्छ मराठी, बोलणं आदबीचं. मी जमिनीबद्दल बोलले तर त्याने मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. मग टॅबवर व्हिडिओ दाखवले : थंड देशांत शेतकरी ओळीने काड्या खोचतात, दोन वर्षांत डोक्याच्या वर झाडी होते आणि तिच्यात हरणं, ससे, पाखरं आसऱ्याला येतात.

ते व्हिडिओ खोटे नव्हते. विलो आणि पॉप्लर काडीपासून सहज मुळं धरतात, झपाट्याने वाढतात आणि थंड प्रदेशात वाऱ्याला आडोसा म्हणून, प्राण्यांना आसरा म्हणून खरंच लावतात. खरी गोष्ट दाखवायची आणि ती भलत्या मातीत विकायची, हा त्याचा धंदा होता.

मी विचारलं, "आपल्या उन्हात जगतील का?" तो म्हणाला, "काकू, काश्मिरात होतं, पंजाबात होतं, मग ठाणे जिल्ह्यात का नाही? तुमच्याकडे तर पाऊस जास्त." वर हेही ऐकवलं की विलो म्हणजे क्रिकेटच्या बॅटचं लाकूड, सहा वर्षांनी कंपनी स्वतः तोडून नेईल, तसा करार स्टॅम्प पेपरवर करून देऊ. शिवाजी पार्क चालत पाच मिनिटांवर असताना बॅटचं नाव काढलं की मुंबईचा माणूस विरघळतोच.

आता जे कळलंय ते तेव्हा ठाऊक असतं तर मी तिथूनच परत फिरले असते. आपल्या देशात पॉप्लरची शेती होते ती पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडच्या तराईत. यमुनानगरच्या प्लायवूड कारखान्यांना ते लाकूड जातं आणि तिथे सहा ते आठ वर्षांत झाड तोडणीला येतं. पण हे झाड साधारण २८ अंश अक्षांशाच्या उत्तरेलाच लावावं असं तिकडचे जाणकार सांगतात. त्याला खरी थंडी लागते, पानं गाळून झोपायला हिवाळा लागतो. मुंबई आणि शहापूर आहेत १९ अंशांवर. बॅटचा विलो हे तर वेगळंच झाड. काश्मिरात अनंतनागकडे संगमच्या आसपास ज्या बॅटी बनतात त्यांचं झाड सहा वर्षांत तयार होत नाही, त्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ द्यावा लागतो. पॉप्लरची वर्षं उचलून विलोला चिकटवली होती.

व्यवहार असा ठरला : ८०० काड्या, त्यांतल्या ५०० विलोच्या आणि ३०० पॉप्लरच्या. ३८ रुपयाला एक, म्हणजे ३०,४०० रुपये. जागा बघायला येण्याचे ३,५००, ट्रान्सपोर्टचे ४,२०० आणि 'वन्यजीव अधिवास नोंदणी' नावाच्या प्रमाणपत्राचे ५,०००. काड्यांचे निम्मे पैसे आगाऊ, निम्मे पंधराव्या दिवशी अंकुर दिसल्यावर.

या शेवटच्या अटीनेच माझा विश्वास बसला. उगवण बघून पैसे घेतोय म्हणजे माणूस खात्रीचा, असं मला वाटलं आणि भाच्यालाही वाटलं. या सापळ्याबद्दल कृपा करून नीट वाचा. जिवंत काडीत साठवलेलं अन्न असतं. ती ओल्या मातीत खोचली की मुळं नसतानाही तिच्यावरचे डोळे, म्हणजे पानांचे कोंब, फुगतात आणि कोवळी पानं बाहेर येतात. दहा-पंधरा दिवस ती छान हिरवी दिसते. साठा संपला की एका आठवड्यात मान टाकते. पंधरावा दिवस हा विकणाऱ्याच्या सोयीचा दिवस आहे. काडी लागली की नाही ते दोन-अडीच महिन्यांनी, हलक्या हाताने ओढल्यावर ती मातीला धरून राहते का यावरून कळतं. शिल्लक पैसे द्यायचेच असतील तर तेव्हा द्या.

माल आला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, गोणपाटात बांधून. उत्तरेत पॉप्लरच्या काड्या काढतात आणि लावतात त्या जानेवारी-फेब्रुवारीत, झाड झोपलेलं असताना. एका वर्षाच्या फांदीची, पेन्सिलीएवढ्या किंवा थोड्या जास्त जाडीची, वीतभर काडी. जूनमध्ये तिकडचं झाड पानांनी भरलेलं असतं, त्या वेळी कापलेली काडी लगेच सुकते. मी फोनवर विचारलं तेव्हा "कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलेल्या आहेत" असं उत्तर आलं. अशा काड्या थंडीत साठवता येतात हे खरं आहे. पण मग त्या उघड्या टेम्पोतून, गोणपाटात, कोमट लागणाऱ्या कशा आल्या, हा प्रश्न मी विचारला नाही.

प्रत्येक काडीच्या दोन्ही टोकांना निळा ऑइल पेंट फासलेला होता. ओल टिकावी म्हणून, असं सांगण्यात आलं. वरच्या टोकाला मेण किंवा तसं काही लावतात, ते मला नंतर समजलं. पण खालचं टोक जिथून मुळं यायची तेच रंगवून टाकण्याचं कारण एकच : काप ताजा आहे की महिन्याचा वाळलेला, हे गिऱ्हाइकाला दिसू नये. तुमच्याकडे अशा काड्या आल्या तर रंग असो वा नसो, टेम्पोवाल्याला थांबवून ठेवा आणि दहा-वीस काड्यांची साल नखाने खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं पाहिजे. तपकिरी दिसलं तर ते सरपण आहे.

पाड्यावरच्या आठ माणसांनी दोन दिवस लावणी केली. त्यांची मजुरी ८,००० रुपये झाली, ती वेगळी. त्यांतले एक म्हातारे दादा काडी हातात फिरवत म्हणाले, "ताई, ही आपल्याकडचीच दिसते." सालीवर पांढरट ठिपके होते, तेच त्यांनी दाखवले. मी म्हणाले, नाही दादा, काश्मीरची आहे. ते गप्प बसले. पैसे गेले त्यापेक्षा त्यांना असं गप्प केलं याचं मला आजही जास्त वाईट वाटतं.

पंधराव्या दिवशी अंकुर होते. फोटो पाठवले, राहिलेले १५,२०० रुपये यूपीआयने दिले. त्याच संध्याकाळी प्रमाणपत्र आलं, वर सोनेरी शिक्का, खाली क्यूआर कोड.

जुलै संपता संपता पॉप्लरची एकही काडी जिवंत नव्हती. ३०० पैकी वीसेक फुटल्या होत्या, त्याही काळ्या पडल्या. उपटून पाहिल्या तर एकीलाही मूळ नव्हतं. विलोच्या मात्र चारशेवर काड्या जोरात वाढत होत्या आणि मी खूश होते. ऑगस्टमध्ये पानं पुरती उघडली. एका देठावर समोरासमोर लागलेल्या बारक्या पानांच्या जोड्या. विलोचं पान एकेकटं, अरुंद, लांबट असतं, हे शाळेतल्या मुलालाही चित्र पाहून सांगता येईल. दादा बांधावर उभे होते. या वेळी मीच विचारलं. ते म्हणाले, "उंदीरमारी हाय ताई. पलीकडच्या बांधावर हवी तेवढी हाय. कुणी पैसं नाय घेत हिचं."

उंदीरमारी म्हणजे गिरिपुष्प, ग्लिरिसिडिया. ठाण्या-रायगडात बांधाबांधावर आहे. पावसाच्या तोंडावर फांदी खोचली की लागते, म्हणून तर अंकुराची अट त्याला परवडत होती. ५०० पैकी चारशे जगणार हे त्याला आधीच माहीत होतं.

काडी हातात असतानाच ओळखायचं असेल तर डोळे बघा. विलोचा डोळा फांदीला चपटा चिकटलेला असतो आणि त्यावर एकच टोपीसारखं आवरण असतं. पॉप्लरचा डोळा टोकदार, एकावर एक खवले असलेला. हे मी सप्टेंबरमध्ये शिकले.

फोन अर्थातच बंद झाला. क्यूआर कोड त्याच्याच वेबसाइटवर जात होता आणि ती वेबसाइटही गेली. वन खात्याच्या कार्यालयात प्रमाणपत्र दाखवलं, तिथल्या बाईंनी असं काही आम्ही देत नाही म्हणून सांगितलं. त्याने मला रोपवाटिकेचा परवाना दाखवला होता, त्याचा फोटो माझ्याकडे होता. नीट वाचला तर तो फळझाडांच्या कलमांचा होता, दुसऱ्याच जिल्ह्यातला, दुसऱ्याच्याच नावाचा. पोलीस चौकीत "हा दिवाणी मामला आहे" हे उत्तर मिळालं. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तेव्हा पहिल्या पैशांना चार महिने होऊन गेले होते. तिथे तासांचा हिशेब असतो, लगेच कळवलं तरच खात्यातले पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मात्र नीट मार्गदर्शन मिळालं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. दोन वर्षांच्या आत करावी लागते. मी केली आहे. यूपीआयच्या नोंदी, काड्यांचे, डोळ्यांचे, पानांचे तारखेसकट फोटो आणि त्याचे सगळे मेसेज जोडले आहेत. मजुरी धरून ५१,१०० रुपये मागितले आहेत. नोटीस त्याच्या पत्त्यावरून 'राहत नाही' म्हणून परत आली. दुसऱ्या पत्त्याचा शोध चालू आहे.

जमिनीचं सांगायचं राहिलं. उंदीरमारी ठेवली आहे, बांधाकडची. दादा म्हणतात पाला भाताला चांगला. आसऱ्यासाठी करवंद लावली, निर्गुडीच्या फांद्या खोचल्या. करवंद बारा महिने हिरवी राहते, काटेरी असते आणि एप्रिल-मेमध्ये, सगळं रान उघडं पडलेलं असताना, सशाला आत शिरता येतं. पॉप्लर जगलं असतं तरी ते पान गाळणारं झाड. वणव्याच्या दिवसांआधी आता सहा फुटांची जाळरेषा काढतो, म्हणजे आग आत येऊ नये म्हणून मोकळा पट्टा.

आणि विलो लावण्याची हौसच असेल तर तो सह्याद्रीत आहेच. वाळुंज म्हणतात त्याला, शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. ओढ्याकाठी, पाय पाण्यात असल्यासारखा उभा असतो. दादांनी त्यांच्या मेहुण्याच्या गावच्या ओढ्यावरून अकरा काड्या आणून दिल्या, पैसे घेतले नाहीत. नाल्याच्या कडेला लावल्या आहेत. अडीच महिन्यांनी एकेक हलकेच ओढून पाहिली. सात धरून आहेत.

त्या मुलाचा आवाज मागच्या महिन्यात पुन्हा ऐकला. बहिणीला एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता, तिने मला दाखवला. नाव दुसरं आहे, आता महोगनी विकतो. रोपं पिशवीत आहेत. शिल्लक रक्कम पंधराव्या दिवशी, नवीन पालवी दिसल्यावर.