स्लीव्ह की बायपास : शस्त्रक्रियेनंतरच्या पोटाच्या तक्रारींची तुलना

आमच्या घरात वजन कमी करण्याच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या आहेत, माझी स्लीव्ह आणि माझ्या नणंदेची बायपास. तेव्हापासून नाशिकमधले, गंगापूर रोडपासून पंचवटीपर्यंतचे ओळखीचे लोक चौकशीला येतात आणि पहिला प्रश्न बहुधा "किती किलो उतरले?" हाच असतो. वजन दोन्हींनी उतरते. रोजच्या जेवणात जो फरक जाणवतो तो पोटाच्या तक्रारींचा असतो, आणि त्याची चौकशी मात्र फार थोडे जण करतात.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. जठराच्या खालच्या टोकाची झडप शाबूत राहते, आतड्याला हात लागत नाही. मात्र अरुंद नळीत दाब वाढत असल्यामुळे आम्ल वर, घशाशी येते. ज्यांना आधी पित्ताचा त्रास नव्हता, त्यांनाही तो नव्याने सुरू होऊ शकतो. माझ्या बाबतीत तसेच झाले. पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर चढवले, रात्रीचे जेवण सातच्या आत आणले आणि डॉक्टरांनी दिलेली आम्ल कमी करणारी गोळी सकाळी उपाशीपोटी नियमित घेतली, तेव्हा कुठे पहाटेची जळजळ थांबली. रविवारची मिसळ आता कटाशिवाय, नुसती उसळ म्हणून चार चमचे खाते. तिला मिसळ म्हणावे का, हा प्रश्न नाशिककराने विचारू नये.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलीटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. आम्लाचा त्रास त्यामुळे बहुतेकांचा कमी होतो, परंतु अन्न झडपेतून न जाता एकदम आतड्यात उतरते. अन्न गोड असेल तर आतडे भराभर पाणी ओढून घेते आणि १० ते ३० मिनिटांत धडधड, दरदरून घाम, पोटात कळ आणि जुलाब सुरू होतात. याला डम्पिंग म्हणतात. नणंदेने पहिल्या उन्हाळ्यात अर्धी वाटी आमरस घेतला आणि ताट उचलण्याआधीच त्या पांढऱ्याफटक पडून फरशीवर आडव्या झाल्या. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो, त्यात इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त स्रवून साखर उतरते आणि हातपाय कापू लागतात. उपाय दोन्हींवर जवळपास एकच आहे. आधी डाळ, पनीर, अंडे असे प्रथिनयुक्त पदार्थ खावेत, भात-पोळी नंतर घ्यावी, जेवताना पाणी पिऊ नये आणि गोड टाळावे. मोजकी द्राक्षे चावून खाल्लेली त्यांना चालतात, रस मात्र चालत नाही.

एक विरोधाभास लक्षात ठेवण्यासारखा आहे. डम्पिंग होत असेल तर जेवणानंतर थोडा वेळ आडवे पडल्याने बरे वाटते. आम्ल वर येत असेल तर जेवणानंतर दोन-तीन तास आडवे पडायचेच नसते. म्हणून एकीचा सल्ला दुसरीने ऐकू नये.

काही त्रास दोन्हींत सारखेच आहेत. मऊ पोळीचा घास नीट न चावता गिळला तर तो अडकतो, तोंडात फेसाळ लाळ सुटते आणि बेसिनशी उभे राहावे लागते. बाजरीच्या भाकरीचा कुस्करा त्यापेक्षा सहज उतरतो, हे मला सहा महिन्यांनी कळले. लोहाच्या गोळ्या आणि कमी पाणी यांमुळे बद्धकोष्ठता होते. काहींना दूध पचेनासे होते, तेव्हा दही किंवा ताक घेऊन पाहावे. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून बरेच सर्जन पहिले सहा महिने त्यासाठी गोळी देतात. बी-१२, लोह आणि कॅल्शियम यांची कमतरता बायपासनंतर अधिक होते, पण स्लीव्ह झालेल्यांनीही गोळ्या सोडून चालत नाही. वाइनच्या बाबतीतही दोघींना सावध राहावे लागते, कारण मद्य पूर्वीपेक्षा लवकर चढते.

निवडीबद्दल माझे मत असे आहे की, ज्यांना वर्षानुवर्षे पित्ताचा त्रास आहे त्यांनी आधी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी आणि अन्ननलिकेला सूज निघाली तर स्लीव्हचा आग्रह धरू नये. सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या कायम घ्याव्या लागत असतील, किंवा तंबाखू सुटत नसेल, तर बायपासच्या जोडावर अल्सर होण्याचा धोका मोठा असतो. "बायपास केल्यावर गोड आपोआप सुटते" असे म्हणतात, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. आमरसाच्या प्रसंगानंतर महिनाभरात नणंदेने श्रीखंडही चाखून पाहिले होते. स्लीव्हनंतर जळजळ असह्य झाली तर पुढे बायपास करता येते, परंतु स्लीव्हमध्ये काढून टाकलेले जठर परत मिळत नाही, हेही सर्जनशी बोलताना ध्यानात असावे. मिनी बायपासचा, म्हणजे आतड्याला एकच जोड असलेल्या बायपासचा, पर्याय सुचवला गेल्यास पित्तरस जठरात येण्याबद्दल आणि पातळ शौचाबद्दल स्पष्ट विचारावे.

शस्त्रक्रिया मुंबईत करायची की नाशिकमध्ये, हा प्रश्नही पोटाशीच निगडित आहे. उलट्या थांबतच नसतील तर बी-१ जीवनसत्त्व कमी पडून नजरेवर आणि चालण्यावर परिणाम होऊ शकतो, तेव्हा दोन दिवस वाट पाहता येत नाही. बायपासनंतर काही वर्षांनीही अचानक असह्य कळ आली तर आतडे आत अडकलेले असू शकते आणि त्याच रात्री तपासणी करावी लागते. नणंदेचे सर्जन मुंबईचे असल्यामुळे कसारा घाट उतरण्याइतका वेळ हाताशी नसेल, हे गृहीत धरून नणंदेने नाशिकमधल्या एका सर्जनला आपली कागदपत्रे आधीच दाखवून ठेवली आहेत, आणि पर्समध्ये आधार कार्डामागे एक चिठ्ठी असते, तिच्यावर शस्त्रक्रियेचा प्रकार आणि तारीख लिहिलेली आहे.