बॉक्समधला ट्रक आणि सेटअप केलेला ट्रक, सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

1/10 स्केलचा, रिमोटवर चालणारा (आरसी) फोर व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स ट्रक (मातीच्या ट्रॅकवर शर्यत लावणाऱ्या ट्रकचं छोटं रूप), रेडी टू रन म्हणजे जोडलेलाच मिळतो, ब्रशलेस मोटर, 2एस आणि 3एस (दोन आणि तीन सेलच्या) दोन्ही लायपो बॅटऱ्या चालतात. घेऊन सहा महिने झाले, जवळजवळ रोज चालवलाय. बॉक्समधून काढला तसा 5 पैकी 3 देईन आणि आता जसा झालाय त्याला साडेचार, मधला दीड स्टार कुठून आला तेच सांगायचंय कारण हा ट्रक घेणारे बरेच जण पहिल्या आठवड्यात वळत नाही, उलटतो, मागून घसरतो म्हणून वैतागतात. ट्रक चांगला आहे, फक्त कंपनीने तो उड्या मारायला सेट केलाय, वळायला नाही.

सगळ्यात आधी टायर. बाकी काहीही बदलायच्या आधी टायर, हे मी कितीही वेळा सांगेन. सोबत आलेले टायर कडक रबराचे आहेत, टिकतात खूप पण घट्ट मातीवर नुसते घासत जातात, आणि आतला फोम इतका मऊ की 3एसवर फुल थ्रॉटल दिला की टायर फुग्यासारखा फुगतो, मग जमिनीला फक्त मधला पट्टा टेकतो आणि ग्रिप गायब. मी मऊ कंपाउंडचे, बारीक आणि जवळजवळ पिन असलेले टायर घेतले, 12 मिमी हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी भाग) असल्यामुळे सरळ बसले. भुसभुशीत मातीत चालवणार असाल तर उलट मोठ्या आणि लांब लांब पिन घ्या, त्या मातीत रुततात. चिकटवताना रिम आणि टायरची कडा नीट पुसून घ्या नाहीतर सीए ग्लू (सुपरग्लू) धरत नाही, माझा एक टायर तिसऱ्याच दिवशी रिमवरून सुटला होता. नुसत्या टायरने जो फरक पडला तेवढा नंतर कशानेच पडला नाही.

मग डिफ (डिफरेन्शियल), म्हणजे डावं आणि उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा, एक पुढे आणि एक मागे. हे काम लोक टाळतात कारण अर्धा ट्रक खोलावा लागतो, पण खरी मजा इथेच आहे. माझ्या दोन्ही डिफमध्ये ऑइल नव्हतंच, थोडं ग्रीस होतं. अशा मोकळ्या फिरणाऱ्या डिफमध्ये ज्या चाकाला फिरायला सोपं तेच जास्त फिरतं, म्हणजे कॉर्नरमध्ये आतलं चाक हलकं झालं की ते हवेत गरगर फिरत बसतं आणि बाहेरच्या चाकाला जोर मिळत नाही, ट्रक नुसता आवाज करतो पुढे जात नाही. जाड सिलिकॉन ऑइल भरलं की दोन चाकांच्या वेगातला फरक त्या ऑइलमुळे आवरला जातो. मी आधी हौसेने पुढे 30,000 सीएसटी (ऑइलच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकं जाड) भरलं, तर थ्रॉटलवर कॉर्नरमधून असा ओढत बाहेर यायचा की बघत राहावं, पण थ्रॉटल सोडून वळायला गेलं की सरळच जायचा, पुढचं तोंड वळायलाच तयार नाही. परत खोललं, पुढे 10,000 आणि मागे 5,000 केलं आणि तिथे जमलं. मागे पातळ ठेवल्याने शेपूट शांत राहते, फार जाड भरलं तर पॉवर देताच मागची बाजू बाहेर फेकली जाते. भरताना ऑइल गिअरच्या क्रॉसपिनच्या (डिफच्या आतल्या आडव्या पिनच्या) थोडं वर येईल इतकंच भरा, काठोकाठ भरलं तर गळतं. सील आणि गॅस्केट खोललंच आहे तर बदलून टाका.

शॉक्सबद्दल (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) थोडी तक्रार आहे. चारपैकी दोन शॉक्समध्ये हवा होती, दाबले की पचपच आवाज आणि सुरुवातीचा प्रवास पोकळ. चारही खोलले, ऑइल भरलं, पिस्टन हळूहळू वरखाली करून बुडबुडे वर येऊ दिले, दहा मिनिटं तसेच उभे ठेवले आणि मग टोपी लावली. ऑइल घेताना बाटलीवरच्या डब्ल्यूटी (वेट) आकड्यावर जाऊ नका, सीएसटी बघा. टीम असोसिएटेडचं 30 डब्ल्यूटी म्हणजे 350 सीएसटी आणि लोसीचं 30 म्हणजे 338, आकडा तोच पण ऑइल वेगळं, दोन ब्रँड मिसळले की डाव्या उजव्या बाजूला फरक पडतो. माझ्याकडे आता पुढे 400 आणि मागे 350 आहे. थंडीत ऑइल जाड होतं, तेव्हा एक पायरी पातळ घ्यायचं.

राइड हाइट, म्हणजे ट्रक जमिनीपासून किती उंच बसतो ते, ही तर फुकटची सुधारणा आहे. बॉक्समधून ट्रक फार उंच बसतो म्हणून चांगल्या ग्रिपवर वळताना चाक धरतं आणि ट्रक आडवा होतो. बॅटरी आत घालून वीतभर उंचीवरून जमिनीवर सोडा, जिथे थांबेल तिथे आर्म (चाक धरणारे सस्पेन्शनचे दांडे) साधारण आडवे दिसले पाहिजेत, नसतील तर शॉकचे कॉलर (स्प्रिंगवरच्या रिंगा) फिरवा. उलटणं निम्म्याहून कमी झालं बघा. कॅम्बर, म्हणजे चाकाची वरची कड आत झुकणं, चारही चाकांना दीड डिग्री, पुढे एक डिग्री टो-आउट (चाकांची तोंडं किंचित बाहेर), त्याने वळणात पटकन शिरतो. मागचा टो-इन (तोंडं किंचित आत) चाकाच्या हबमध्येच ठरलेला आहे, त्याला हात लावायची गरज नाही.

स्लिपरचं, म्हणजे जोराचा धक्का आला की घसरणाऱ्या क्लचचं, नट पूर्ण घट्ट करू नका, जागेवरून फुल थ्रॉटल दिला की हातभर अंतर थोडं घसरल्याचा आवाज आला पाहिजे, तेवढं सैल ठेवा, नाहीतर धक्का सरळ गिअरवर येतो.

अ‍ॅल्युमिनियमचे पार्ट्स घ्यायला धावू नका हे मात्र कळकळीने सांगतो. चमकतात छान, पण प्लास्टिकचा आर्म वाकून परत जागेवर येतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा वाकला की वाकलाच, किंवा स्वतः वाचतो आणि मागचा बल्कहेड (आर्म ज्यावर बसतो तो चेसिसचा भाग) फोडतो. शिवाय चाकाजवळचं वजन वाढलं की सस्पेन्शनला चाक जमिनीवर टेकवून ठेवणं जड जातं. स्टीअरिंगच्या बेलक्रँकला (सर्वोची हालचाल चाकांकडे नेणारा जोड) बेअरिंग घाला, तिथला खेळ गेला की ट्रक सरळ रेषेत सरळ जातो, तेवढा खर्च कारणी लागतो. सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर) ठीक आहे, मऊ टायरवर थोडा कमी पडतो.

बॉडीचं एक राहिलं. शॉर्ट कोर्सची बॉडी रुंद आणि खाली उघडी असते, उडी मारली की खालून हवा भरते आणि नाक वर उचलतं. मागच्या बाजूला मोठी भोकं कापली, आता सपाट उतरतो. तरी हवेत नाक वर गेलंच तर ब्रेक मारा, खाली येतं, आणि खाली जायला लागलं तर थ्रॉटल द्या.

एकावेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच जागेवर, तशाच भरलेल्या बॅटरीवर आठचा आकडा मारून बघा. मी वहीत लिहून ठेवतो, सुरुवातीला नव्हतो लिहीत तेव्हा स्प्रिंग आणि ऑइल एकदमच बदलले होते आणि सुधारणा कशाने झाली ते आजपर्यंत कळलं नाही. 3एस पण सेटअप जमल्यावरच लावा, 2एसवर जे घसरतं ते 3एसवर दुप्पट घसरतं.

आता मागचं डिफ पुन्हा खोलणार आहे, 7,000 भरून बघायचंय कारण लांब वळणात आतलं मागचं चाक अजून थोडं फिरतं. पुढचे स्प्रिंग एक नंबर मऊ मागवलेत पण ते नंतर, आधी डिफ.